मूठभर कमी भरणारं माप

मी एक जुनं पितळेचं माप आहे, आणि आधीच कबूल करून टाकतो, खोटं माप आहे. माझ्या काठाखाली पाव किलोचा शिक्का आहे. पण आयुष्यातली चाळीस वर्षं मी पाव किलो मीठ एकदाही भरलं नाही. मूठभर कमीच भरलं. मित्रांनो, एवढ्यावरून मला लबाड ठरवू नका. लबाडी करायला अक्कल लागते, आणि मापाला अक्कल नसते, नुसतं पोट असतं. त्या पोटाचं काय झालं आणि त्यापायी एका घरात वर्षभर कसा गोंधळ चालला, ते तुम्हांला सांगतो.

मला एका तांबटानं घडवलं. लहानशा गावात, लोहार आणि सायकलवाला यांच्या मधोमध त्याचं दुकान होतं. दिवसभर ठोकून ठोकून त्याला ऐकू कमी येई, त्यामुळे तो साधी चौकशीही भांडल्यासारखी करायचा. त्यानं पत्रा कापला, वाकवला, बूड बसवलं, धरायला कान लावला आणि मीठ पितळेला लागू नये म्हणून आतून पांढरी कल्हई केली. मग त्यानं माझ्यात मीठ भरून त्याचं वजन केलं. काठ थोडा घासला, पुन्हा वजन केलं. "आता बरोबर!" असं तो ओरडला आणि त्यानं शिक्का मारला. त्या दिवशी मी अगदी खरा होतो. तांबटाला दोष देऊ नका.

मला थोरल्या बाईंनी विकत घेतलं. त्या घरी खारातलं लोणचं घालत आणि पुढच्या खिडकीतून विकत. गाजर, मुळा, फ्लॉवर, हिरव्या मिरच्या असं सगळं बरणीत भरायचं, वर मिठाचं पाणी ओतायचं, भाजी वर येऊ नये म्हणून तिच्यावर धुतलेला दगड ठेवायचा आणि झाकण बांधून बरणी तीन आठवडे अंधाऱ्या कोपऱ्यात सोडून द्यायची. तेवढ्या दिवसांत पाणी आपोआप आंबतं आणि भाजी कुरकुरीत, आंबट होते. मिठाचं खातं माझ्याकडे होतं. सहा तांबे पाण्याला दोन मापं मीठ, हा थोरल्या बाईंचा एक नियम. बरणी भरताना काही चाखायचं नाही, हा दुसरा. "चाखलेली बरणी नासते," असं त्या म्हणत. का नासते, ते कोणी विचारत नसे. थोरल्या बाईंना दोन प्रकारची माणसं आवडत नसत, झाकण उघडं टाकणारी आणि प्रश्न विचारणारी.

त्यांचं लोणचं वाईट नव्हतं. खारट होतं. मीठ बेताचं असलं की पाणी लवकर आंबतं. जास्त झालं की आंबायचं नाव काढत नाही. गावात दुसरं कोणी लोणचं घालत नव्हतं, म्हणून लोक मुकाट्यानं नेत आणि जेवताना पाणी जास्त पीत.

मग त्या घरात सून आली. तिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले. आता त्यांची साठी उलटली आहे, तरी माझ्या लेखी त्या धाकट्याच आहेत. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि घरात येऊन त्यांना दोन महिने झाले होते. एका दुपारी थोरल्या बाई खिडकीत गिऱ्हाइकाशी बोलत होत्या आणि धाकट्या बाई पहिल्यांदाच एकट्या बरणी भरत होत्या. मी धुऊन जमिनीवर उपडा वाळत होतो. त्यांनी दगड धुतला. दगड ओला, हात ओले. तो निसटला आणि थेट माझ्या बुडावर पडला. बूड आत गेलं. चांगला मूठभर मीठ मावेल एवढा पोचा पडला.

"काय पडलं गं?" थोरल्या बाईंनी बाहेरून विचारलं.

"काही नाही, झाकण!" धाकट्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला झटकन सुलटं केलं. सुलटा उभा राहिलो की बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत वाकून पाहिलं तरच बुडाशी एक उंचवटा दिसायचा, आणि मीठ भरलं की तोही झाकला जायचा. त्यांनी घाईघाईनं दोन मापं मीठ मोजलं, पाण्यात घातलं आणि झाकण बांधलं. त्यानंतर तीन आठवडे त्या माझ्याकडे बघायच्या, तेव्हा मला त्यांची भीती कळायची.

बरणी उघडली त्या दिवशी थोरल्या बाईंनी गाजराचा तुकडा तोंडात टाकला आणि त्या चावायच्या थांबल्या.

"ही बरणी कोणी भरली?"

धाकट्या बाईंना वाटलं, आता आपली धडगत नाही. "मी," त्या म्हणाल्या.

"हात चांगला आहे गं तुझा."

त्या घरात कौतुक फार हात राखून वाढलं जाई. धाकट्या बाई ते वाक्य आयुष्यभर विसरल्या नाहीत. पोच्याबद्दल मात्र त्या मूग गिळून गप्प राहिल्या. आधी भीतीनं, आणि नंतर ती गोष्टच मागे पडली म्हणून.

पुढची चाळीस वर्षं माझ्या भरभराटीची होती. थोरल्या बाई गेल्या, नियम मागे राहिले. सहा तांबे, दोन मापं, चाखायचं नाही. लोणचं मात्र आता असं व्हायचं, की नोकरीसाठी परगावी गेलेली मुलं सुट्टीत आली की आईला भेटायच्या आधी आमच्या खिडकीशी यायची. जाताना डबे भरून न्यायची. "बाईंच्या हातालाच चव आहे," असं जो तो म्हणे. मी फळीवर उभा राहून ऐकायचो. मनात म्हणायचो, हाताला कुठली, ती माझ्या बुडाला आहे. कोणी माझं नावही घेत नाही याचा मला राग यायचा. राग आला तरी मापानं करायचं काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ भरून घ्यायचं.

मग धाकट्या बाईंचे यजमान वारले. बाईंचे स्वतःचे गुडघे गेले. दगड उचलवेना. लेक आणि जावई लांबच्या मोठ्या शहरात राहत होते. लेक म्हणाली, "आई, बास झालं आता. आमच्याकडे चल." खिडकी बंद झाली. दोन बरण्या, एक तांब्या आणि मी, एवढे जुन्या साड्यांत गुंडाळून निघालो.

शहरातलं घर चौथ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघर असं, की दोन माणसं आत असली तर एकानं फ्रीज उघडायच्या आधी दुसऱ्याला सांगावं लागे. जावईबापूंचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, बिघडलेले सुधारायचे. माणूस सरळ, नेमका, आणि बायकोपेक्षा सासूला जास्त घाबरणारा. त्यांनी मला हातात घेतलं, काठाखाली आतून बोट फिरवलं.

"आई, याची कल्हई पार उडालीय. यात मीठ ठेवणं बरं नाही. मी नवीन आणतो."

दुसऱ्या दिवशी ते स्टीलचं माप घेऊन आले. त्याच्या अंगावर आतून रेघा होत्या. "पाव किलो म्हणजे पाव किलो. एक खडा इकडचा तिकडे होणार नाही," ते म्हणाले. धाकट्या बाईंना लेकीच्या घरी पहिल्याच आठवड्यात नाही म्हणणं जमलं नाही. लेकीनं मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि माझ्यात चार पेनं, एक पाना आणि मेणबत्तीचा तुकडा टाकला. पेनं माझ्यात सरळ उभी राहत नसत. बुडाच्या उंचवट्यावरून घसरून कडेला जात. कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात पहिली बरणी भरली. सहा तांबे पाणी, दोन मापं मीठ. मी खिडकीतून बघत होतो आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं. लेकीनं एक तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून तिसराही खाल्ला.

"जरा खारट झालंय का गं?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"थोडंसं."

"आंबलंच नाही मेलं. इथलं पाणीच वेगळं."

"आई, पुढच्या वेळी मीठ थोडं कमी घालून बघायचं का?"

"चाळीस वर्षं दोन मापं घातलीत. कमी घातलं तर बरणी नासायची. मिठाशी खेळ करायचा नसतो." त्यांनी झाकण परत बांधलं.

आणि तिथून शोधमोहीम सुरू झाली. मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा प्रकार. इथं कळसा खिडकीत होता आणि त्यात पेनं होती.

आधी पाण्यावर आळ आला. लेकीचा मावसभाऊ गाडी घेऊन गावाकडून येणार होता. त्याला फोन करून गावच्या विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. तो बिचारा दोन मोठे कॅन घेऊन आला. चौथ्या मजल्यावर चढताना शेजाऱ्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी येत नाही का?" तो म्हणाला, "येतं, पण बरं नाही." दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीनं पाणी उकळून प्यायलं. ती बरणीही तशीच झाली. पाण्याला उगाच प्रवास घडला.

मग भाजीवर आळ आला. धाकट्या बाई लेकीबरोबर बाजारात जाऊ लागल्या. गाजर घ्यायच्या आधी त्या त्याचं टोक दातानं तोडून बघत, आणि भाजीवाली ओरडायच्या आत लेक पैसे पुढे करी. घरी येऊन त्या म्हणत, "गोडच आहे की. गाजराचा दोष नाही." अशा प्रकारे गाजर निर्दोष सुटलं.

मधल्या काळात जावईबापूंनी फेऱ्यांमध्ये गावाकडच्या मालाचं एक दुकान शोधून काढलं. लांबच्या एका गल्लीत, शिंप्याला लागून. पाटीवर आमच्या भागाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं. धाकट्या बाई गुडघे धरत चार जिने उतरल्या, दोन बस बदलून तिथं पोचल्या आणि दुकानदाराशी थेट गावच्या गप्पा मारायला लागल्या. दुकानदार दुसऱ्याच भागातला निघाला. दुकान विकत घेताना त्यानं आधीच्या मालकाची पाटी तशीच ठेवली होती. "पाटी बघून गिऱ्हाईक येतं, मावशी," तो प्रामाणिकपणे म्हणाला. हे सगळं मला त्या घरी येऊन चपला काढता काढता लेकीला सांगत होत्या तेव्हा कळलं. येताना त्यांनी तिथून 'अगदी घरचं लोणचं' असं लिहिलेली बाटली आणली होती. एक तुकडा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि बाटली लेकीकडे सरकवली.

"बाटली चांगली आहे," त्या म्हणाल्या.

पण दुकानदार मनाचा चांगला होता. त्याच्याकडे माल आणणारा ट्रकवाला आमच्या गावावरून यायचा. त्याला सांगून त्यानं गावचं खडे मीठ मागवलं, त्याच व्यापाऱ्याकडचं, त्याच निळ्या दोऱ्यानं शिवलेल्या पोत्यातलं. पोतं घरात आलं तेव्हा धाकट्या बाईंनी मीठ ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मिठाला वास नसतो, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो. पण त्यांना आला.

"आता बघ," त्या लेकीला म्हणाल्या. "आता कसं होत नाही ते बघते."

गावचं मीठ, कॅनमध्ये उरलेलं गावचं पाणी, जुनी बरणी, जुना तांब्या. आणि दोन मापं, स्टीलची, काठोकाठ. मी ओरडू शकलो असतो तर तेव्हा ओरडलो असतो.

तीन आठवडे धाकट्या बाई रोज त्या बरणीवरून हात फिरवत होत्या. बरणी उघडली. खारट. त्यांनी तुकडा शांतपणे चावून गिळला. जावईबापू म्हणाले, "आई, आधीपेक्षा बरंच चांगलं आहे." संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर धाकट्या बाईंनी लेकीला जवळ बसवलं.

"पाणी तेच, मीठ तेच, बरणी तीच. मग बदललं काय? मीच ना? माझ्या हाताची चव गेली."

"काहीतरीच काय, आई."

"असतं तसं. म्हातारपणी जातं. डोळे जातात, गुडघे जातात, तसं हेही गेलं. त्या बरण्या देऊन टाक कोणाला तरी."

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात येईनाशा झाल्या. लेकीनं केलेलं जेवायच्या, बरं झालंय म्हणायच्या आणि खिडकीपाशी, माझ्याजवळच, खुर्ची टाकून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघत बसायच्या. भाजी निवडायला दिली तर निवडायच्या. फोडणी द्यायला बोलावलं तर म्हणायच्या, "तूच दे. माझं काही खरं नाही." जिनं एका गावाला चाळीस वर्षं खायला घातलं, ती बाई पोहे करायलाही घाबरू लागली. मित्रांनो, एक फूट अंतरावर बसून मी हे सगळं बघत होतो. पेनं पोटात घेऊन.

लेकीनं महिनाभर त्यांची मनधरणी केली. शेवटी त्या कबूल झाल्या. "एकदाच. तुझ्या समाधानासाठी. नाही जमलं तर बरण्या मी स्वतः खाली नेऊन भंगारवाल्याला देईन, आणि मग हा विषय काढायचा नाही."

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी जावईबापूंना एका काट्याचा अहवाल लिहायचा होता. दोन पेनं चालेनात. त्यांनी वैतागून मला उचललं आणि टेबलावर उपडं केलं. पेनं, पाना, मेणबत्ती सगळं बाहेर आलं, आणि धंद्याच्या सवयीनं त्यांची नजर माझ्या बुडावर गेली.

"आई, याला पोचा कधी पडला?"

"फार जुना आहे तो. मी नवी नवरी होते."

"म्हणजे खोटं माप की हो हे. गिऱ्हाइकाला काय मोजून द्यायचात यानं?"

"गिऱ्हाइकाला? छे! गिऱ्हाइकाला तराजूनं. हे मिठाचं. बरणीत मीठ घालायचं."

जावईबापूंनी पेन खाली ठेवलं. "पोचा पडल्यावरसुद्धा?"

"तेव्हापासून आजवर हेच. तुम्ही ते स्टीलचं आणलंत तोवर."

ते उठले. स्टीलचं माप मिठानं काठोकाठ भरलं आणि माझ्यात ओतलं. मी भरलो, आणि मीठ ओतायचं राहिलंच होतं. बाकीचं माझ्या काठावरून टेबलावर आणि टेबलावरून फरशीवर सांडलं. हे सगळं ऐकणारी लेकही पुढे आली. मग ती हसायला लागली. हसता हसता तिनं झाडू आणला आणि फरशी झाडून टाकली. "अहो, वर्षभर आपण पाणी काय आणलं, पोतं काय आणलं, आणि हे इथं पेनं सांभाळत बसलं होतं!"

धाकट्या बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे तो दगड होता," त्या म्हणाल्या.

"कुठला दगड?"

मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती गोष्ट सांगितली. ओला दगड, उपडं माप, झाकण पडलं म्हणून मारलेली थाप. "सासूबाई म्हणाल्या, तुझा हात चांगला आहे. कसला हात? माझ्या हातून दगड पडला होता, तेवढंच. लोक आयुष्यभर त्या पोच्याचं कौतुक करत होते, आणि मी आपली ते माझं समजून घेत होते."

लेकीला वाईट वाटलं. आणि मला? खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अखेर कोणीतरी माझं नाव घेतलं होतं. त्यांचा चेहरा बघूनही मला आनंद झाला, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू मला कल्हई करायला घेऊन गेले. संध्याकाळी बरणी भरायची होती. कल्हईवाला म्हातारा होता, चांगला कारागीर. त्यानं मला आतून-बाहेरून घासलं, तापवलं, आणि मग उपडं करून बुडाकडे बघितलं. "अरेरे," तो म्हणाला. त्यानं मला लोखंडी खुंट्यावर चढवलं आणि लाकडी हातोडा उचलला. सात ठोके. सात ठोक्यांत माझं बूड तांबटानं केलं होतं तसं सपाट झालं. मग त्यानं आतून पांढरीशुभ्र कल्हई केली.

जावईबापू घ्यायला आले तेव्हा तो अभिमानानं म्हणाला, "साहेब, पोचापण काढून दिलाय. त्याचं काही देऊ नका. जुनं काम आहे, हात लावायला बरं वाटलं."

जावईबापूंनी मला उलटं केलं, सुलटं केलं. एवढ्या प्रेमानं केलेल्या कामाला नावं कशी ठेवणार? "उपकार झाले," ते म्हणाले, आणि मला हातात धरून बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

घरी भाजी चिरून तयार होती.

"अहो, हे काय!" लेक ओरडली. "त्याला सांगायचं नाहीत का?"

"काय सांगायचं? पोचा काढू नका? असं कोण सांगतं?"

"बरं, ते जाऊ दे. काल सांडलं होतं त्या मिठाचं वजन किती भरलं?"

जावईबापूंनी कपाळावर हात मारला. शहरातले सगळे काटे तपासणाऱ्या माणसानं घरातलं मूठभर मीठ वजन न करता झाडू दिलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"मूठभर होतं," ते म्हणाले.

"कोणाची मूठ?"

दोघांनी आपापल्या मुठी टेबलावर ठेवल्या. त्यांची तिच्या दीडपट होती. दोघं भांडायच्या बेतात आले. भाजी सुकत चालली होती.

"सरका," धाकट्या बाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवरून उठून कधी आल्या ते आम्हांला कळलंच नव्हतं. त्यांनी पातेल्यात सहा तांबे पाणी घेतलं. माझ्यात मीठ भरलं आणि घातलं. दुसरं माप भरलं, अर्धंच घातलं, ढवळलं. मग त्या थांबल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, त्या कशाला थांबल्या ते मला माहीत होतं. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"आई! तू चाखलंस?"

"नासली तर नासली. इतके दिवस न चाखता कुठे दिवे लागले?" त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. डोळे मिटून पुन्हा चाखलं. "चाळीस वर्षं मी हे रोज खाल्लंय. जिभेला ठाऊक असेल की." अजून दोन चिमटी. पुन्हा बोट. "बास."

माझ्यात जे मीठ उरलं ते त्यांनी मुठीमुठीनं डब्यात परत टाकलं. त्यांच्या दोन मुठी भरल्या, आणि मी रिकामा झालो.

तीन आठवड्यांनी बरणी उघडली. जावईबापूंनी दगड उचलला. धाकट्या बाईंनी गाजर घेतलं, चावलं, आणि लगेच दुसरं घेतलं. मग मुळा. लेकीला धीर निघेना. तिनं स्वतःच बरणीत हात घातला आणि मोरीपाशी उभी राहून खायला लागली. पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. ती लहान असल्यापासून अशीच खायची.

"या वेळी दगड पडला नव्हता," धाकट्या बाई म्हणाल्या.

"नव्हता," लेक म्हणाली.

मित्रांनो, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी समजत होतो, की चव माझी. पहिल्यांदा जमलं ते माझ्या पोच्यामुळे, हे खरंच आहे. पण पोचा गेल्यावर ती चव पुन्हा शोधून काढणं मला जमलं नसतं. ते त्यांना जमलं. मोठेपणा गेला, पण काम राहिलं, आणि मापाला काम पुरतं.

गेल्या महिन्यात लेकीनं स्वतःची बरणी भरली. धाकट्या बाई खुर्चीवर बसून राहिल्या, त्यांनी मिठाला हातही लावला नाही. लेक सारखी विचारत होती, "एवढं बास का, आई?" आणि त्या सारखं म्हणत होत्या, "मला काय विचारतेस? चाखून बघ." लेकीनं मीठ आईपेक्षा थोडं कमी घातलं आणि मिरच्या थोड्या जास्त. बरणी उघडली त्या दिवशी तिनं आईच्या ताटात वाढलं आणि ती समोर उभी राहिली.

धाकट्या बाईंनी खाल्लं. "आमच्या गावची नाही ही चव."

लेकीचा चेहरा उतरला.

"या घरची आहे," धाकट्या बाई म्हणाल्या. "वाढ अजून."

तर मित्रांनो, मला पुन्हा कोणाकडे ठोकायला नेऊ नका. मीठ मोजून झालं की कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा, तेवढं मला पुरे आहे. पण तुमच्या घरातली एखादी म्हातारी बाई म्हणाली, की माझ्या हाताची चव गेली, तर वय झालं म्हणून मान हलवू नका. तुम्ही तिच्या हातातून काय काढून घेतलं आणि त्या जागी काय दिलं, ते एकदा आठवा. तिला पातेल्यापाशी बोलवा, बाजूला सरका, आणि तिला चाखू द्या.